बांधतो एक, वीजबिल भरतो दुसरा: सार्वजनिक इमारतींच्या पैशाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात शाळा, दवाखाने, मंडया अशा सार्वजनिक इमारती खाजगी पैशातून कशा उभ्या राहतात यावर लिहिलं होतं, त्यावर खूप पत्रं आली, मेल आले. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे, की इमारत पर्यावरणाला धरून बांधायची म्हटली की वरचा खर्च कोणी करायचा. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रांना इथे उत्तरं देतेय.

प्रश्न: ताई, आमच्या गावच्या झेडपी शाळेला पाच खोल्या बांधून द्यायला एक कंपनी तयार झालीय, सीएसआरमधून (कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च). ग्रामसभेत सोलर आणि पावसाचं पाणी साठवायची टाकी पण मागायचं ठरलं. कंपनीचे साहेब म्हणतात बजेट फिक्स आहे, ते सगळं हवं असेल तर एक खोली कमी करा. काय करावं? (सरपंच, ता. जुन्नर)

सरपंच साहेब, खोली अजिबात कमी करू नका. आधी जे फुकटात होतं ते पदरात पाडून घ्या, आणि ते फक्त नकाशा मंजूर व्हायच्या आधीच होतं, नंतर नाही. खोल्यांची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवायला सांगा म्हणजे खिडक्या उत्तर-दक्षिण येतात, समोरासमोर खिडक्या हव्यात नाहीतर वारा खेळत नाही, आणि दक्षिणेला चांगली रुंद पडवी काढा, पोरं तिथे जेवायला पण बसतात. याला जास्तीचे पैसे फारसे लागत नाहीत, फक्त आर्किटेक्टला दुसऱ्या गावचा तयार नकाशा आपल्याकडे चिकटवू देऊ नका.

एकमजली इमारतीत सगळ्यात जास्त ऊन स्लॅबमधून आत येतं. त्यावर चायना मोझॅक करून घ्या, म्हणजे फुटक्या टाइल्सचा थर, पांढरे तुकडे ऊन परत फेकतात आणि वॉटरप्रूफिंगला पण मदत होते. विटांचं म्हणाल तर एकलहऱ्याच्या वीज केंद्राची राख वापरून नाशिकच्या बाजूला फ्लाय ॲशच्या विटा बनतात, त्या चौकशी करून बघा. गवंडी शिकायला तयार असेल तर रॅट ट्रॅप बाँडने भिंत बांधा, यात विटा आडव्याऐवजी उभ्या कडेवर लावतात आणि मध्ये पोकळी राहते, विटा जवळपास पाव भाग कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे भिंत कमी तापते. मात्र पहिली भिंत चढेपर्यंत जाणकार माणूस साइटवर उभा हवा, कारण सवय नसलेला गवंडी ती पोकळी मसाल्याने भरून टाकतो आणि मग सगळा फायदा गेला.

आता सोलर आणि टाकी. कंपनीला सांगा की हे काम "ऑनगोइंग प्रोजेक्ट" म्हणून धरा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये २०२१ पासून हे स्पष्ट झालंय की काम सुरू झालं ते वर्ष सोडून पुढची तीन आर्थिक वर्षं ते चालू ठेवता येतं, उरलेला पैसा वेगळ्या खात्यात टाकायचा असतो एवढंच. म्हणजे यंदा खोल्या, पुढच्या वर्षी टाकी, त्याच्या पुढच्या वर्षी सोलर असं बसवता येतं. अनेक कंपन्यांचे अधिकारी ३१ मार्चच्या दडपणाखाली असतात म्हणून सगळं एका वर्षात कोंबायला बघतात, तुम्ही हा मार्ग लेखी सुचवलात तर त्यांनाही बरं वाटेल.

दुसरं, आणि हे मला कळकळीने सांगायचंय. सीएसआरमधून बांधलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही, ती इथे झेडपीकडे येणार, म्हणजे बिलं आणि दुरुस्ती पण तुमच्याकडे येणार. आपल्याकडे बिल थकलं म्हणून मीटर कापलेल्या शाळा कमी नाहीत. तेव्हा पाच वर्षांचा देखभाल करार प्रोजेक्टच्या किमतीतच धरायला लावा, त्यात इन्व्हर्टर दुरुस्ती आणि पॅनेल धुणं दोन्ही लिहून घ्या. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर कावळ्याची घाण किंवा झाडाची सावली असली तरी त्या अख्ख्या ओळीची वीज पडते, आणि शाळेत ते बघायला कोणी वर जात नाही, शिडीच नसते. शिडी मागा. आणि नेट मीटरिंग करूनच घ्या, म्हणजे न वापरलेली वीज वीज कंपनीला जाते आणि बिलातून वजा होते, कारण मे महिन्यात वीज भरपूर तयार होते आणि शाळेला सुट्टी असते.

प्रश्न: आमच्या नगरपालिकेने जुनी मंडई पाडून बीओटीवर (बांधा, चालवा, परत द्या) नवीन बांधायला दिलीय, ३० वर्षांचा करार. वर दुकानं, खाली भाजीवाले. पेपरमध्ये "ग्रीन मंडई" छापून आलं होतं. प्रत्यक्षात खाली दिवसा पण ट्यूब लावाव्या लागतात आणि उन्हाळ्यात पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते. बिल्डरला जाब विचारता येईल का? (एक भाजी विक्रेत्या, जि. सांगली)

ताई, जाब विचारायला करारात काहीतरी लिहिलेलं पाहिजे, आणि मला भीती आहे की तिथे "पर्यावरणपूरक" एवढाच शब्द असेल. त्या शब्दावर कोणाला धरता येत नाही.

बीओटीचं गणित कसं चालतं ते बघा. पालिका जागा देते, डेव्हलपर स्वतःचे आणि बँकेचे पैसे घालतो, वरचे गाळे लीजवर देऊन पैसे काढतो, आणि खालची मंडई पालिकेला बांधून देतो. त्याचा बहुतेक फायदा पहिल्या दोन-चार वर्षांत गाळे गेले की झाला. मंडईतली वीज, पाणी, पंखे, पंप याचं बिल पुढची ३० वर्षं पालिका आणि तुम्ही भरणार. मग तो छताला उजेडाची फट कशाला सोडेल, तेवढी जागा त्याला वर गाळ्यासाठी पाहिजे. तो माणूस वाईट आहे असं नाही, टेंडरच असं काढलंय की चांगलं बांधणाऱ्याचा तोटा होतो.

साधा हिशोब सांगते, आकडे नमुन्याचे आहेत. समजा मंडईवर ५ कोटी खर्च आहे आणि वरून उजेड, उंच छत, गरम हवा बाहेर जायला झरोके, चांगले पंप यासाठी आणखी २५ लाख लागतात. त्यातून वर्षाला ४ लाखांची वीज वाचली तर सहा-सात वर्षांत पैसे वसूल, आणि पुढची तेवीस-चोवीस वर्षं निव्वळ बचत. पण २५ लाख डेव्हलपरचे आणि ४ लाख पालिकेचे, म्हणून ते कधी होत नाही. एकाच खिशातून दोन्ही गेले असते तर कोणालाही सांगावं लागलं नसतं.

म्हणून टेंडर काढतानाच सामायिक भागाचं वीजबिल ठरावीक मुदतीपर्यंत डेव्हलपरवर टाकायचं, किंवा वर्षाला अमुक युनिटची मर्यादा घालायची आणि वरचं बिल त्याने भरायचं. बोली निवडताना पण पालिकेला एकरकमी प्रीमियम कोण जास्त देतो एवढंच बघतात, तिथे ३० वर्षांचा बांधणी अधिक चालवणं असा एकत्र खर्च बघितला पाहिजे. आणि करार संपताना इमारत कुठल्या स्थितीत परत द्यायची हे पहिल्या दिवशी लिहायचं, नाहीतर शेवटची पाच वर्षं कोणी एक पाइप पण बदलत नाही.

तुमच्याकडे करार होऊन गेलाय, तरी दोन गोष्टी करता येतात. मंजूर नकाशाची प्रत मागा आणि झरोके, डक्ट नकाशात होते पण बांधले नाहीत असं आहे का ते बघा, असेल तर तिथे पकड मिळते. आणि या डेव्हलपरने ग्रीन बिल्डिंग म्हणून जादा एफएसआय, म्हणजे त्या जागेवर जास्त बांधकाम करायची परवानगी, घेतलाय का ते विचारा. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत ग्रीन रेटिंगच्या दर्जाप्रमाणे मूळ एफएसआयवर ३, ५ किंवा ७ टक्के जादा मिळतो. घेतला असेल तर हा जनतेने दिलेला पैसाच आहे, रोख नसला तरी, मग बदल्यात काय मिळालं ते विचारायचा तुमचा हक्क आहे.

प्रश्न: मी एडिनबरात राहतो, मुलं इथल्या सरकारी शाळेत आहेत. इथे खाजगी पैशातून बांधलेल्या शाळांचं काय झालं ते आम्ही जवळून बघितलंय. महाराष्ट्रात आता तेच मॉडेल येतंय असं वाचतो. आपण यातून काही शिकणार आहोत का? (वाचक, स्कॉटलंड)

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं कारण हा विषय तिथूनच समजून घ्यावा लागतो. बाकीच्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. ब्रिटनमध्ये १९९२ साली जॉन मेजर सरकारने पीएफआय आणलं, प्रायव्हेट फायनान्स इनिशिएटिव्ह, आणि १९९७ नंतर मजूर पक्षाच्या सरकारने ते प्रचंड वाढवलं. एक खास कंपनी काढायची, तिने बँकांकडून कर्ज काढून शाळा किंवा हॉस्पिटल बांधायचं, २५-३० वर्षं सांभाळायचं, आणि सरकारने दरवर्षी ठरलेली रक्कम देत राहायचं. सरकारला आज पैसे काढावे लागत नाहीत आणि कर्ज सरकारी खात्यावर दिसत नाही, हे त्याचं मोठं आकर्षण. तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने जानेवारी २०१८ मध्ये हिशोब मांडला तेव्हा ७०० हून जास्त करार होते, भांडवली किंमत ६० अब्ज पौंडांच्या आसपास, २०१६-१७ या एका वर्षात १०.३ अब्ज पौंड द्यावे लागले, आणि २०४० च्या दशकापर्यंत आणखी १९९ अब्ज पौंड द्यायचे बाकी होते. यात देखभाल आणि सेवा पण धरलेल्या आहेत म्हणून सगळं व्याजच आहे असं म्हणणं बरोबर नाही, पण खाजगी कंपनीला सरकारपेक्षा महाग कर्ज मिळतं आणि ते शेवटी जनतेवर येतं हे खरंच. २०१८ मध्येच नवीन पीएफआय करार बंद झाले.

आता तुमच्या शहरातलं. २९ जानेवारी २०१६ ला वादळात ऑक्सगँग्ज प्राथमिक शाळेची बाहेरची भिंत कोसळली, सकाळी शाळा भरायच्या आधी, म्हणून कोणाला लागलं नाही. त्यानंतर तपासणी होत गेली आणि १७ शाळा बंद कराव्या लागल्या, हजारो मुलांना दुसरीकडे बसवावं लागलं. दोष कुठे होता ते मुद्दाम नीट सांगते. तिथे भिंत दोन पदरी असते, बाहेर वीट, आत ब्लॉक, मध्ये पोकळी, आणि दोन्ही पदरांना धरून ठेवायला स्टीलच्या पट्ट्या. ती पट्टी बाहेरच्या विटेच्या मसाल्यात किमान ५० मिलिमीटर आत जायला हवी. इथे पोकळी नकाशापेक्षा रुंद झाली होती म्हणून पट्टी तेवढी पोचतच नव्हती, कितीतरी ठिकाणी नुसती टोकाला टेकली होती. बाहेरून भिंत व्यवस्थित दिसायची. आर्किटेक्ट जॉन कोल यांनी चौकशी केली, २०१७ मध्ये अहवाल आला, त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं की पैसे खाजगी होते हे थेट कारण नाही, पण बांधकाम चालू असताना स्वतंत्र नजर ठेवणारं कोणी नव्हतं. पूर्वी पालिकेचा माणूस साइटवर रोज उभा असायचा, खाजगी करारात तो काढून टाकला कारण "जोखीम आता कंपनीची आहे ना". जोखीम कागदावर कंपनीची होती, पण भिंतीखाली मुलं असली असती.

टिकाऊ बांधकामाशी याचा संबंध काय असं कोणी विचारेल. माझ्या मते सगळ्यात मोठा संबंध हाच आहे. भिंतीतलं इन्सुलेशन, खिडकीची फट, पोकळीतला मसाला, हे सगळं झाकलं जातं, नंतर दिसत नाही. जो झाकायच्या आधी बघत नाही त्याला ग्रीन इमारत मिळत नाही, रंगवलेली इमारत मिळते. आणि बऱ्याच पीएफआय करारांत वीज-गॅसचं बिल शाळेवरच होतं, म्हणजे परत तेच, बांधणारा वेगळा आणि बिल भरणारा वेगळा. लिव्हरपूलच्या स्पीक भागातली पार्कलँड्स हायस्कूल तर २०१४ मध्ये मुलं कमी म्हणून बंद झाली, आणि रिकाम्या इमारतीचे हप्ते पालिका वर्षानुवर्षं भरत राहिली.

पण स्कॉटलंडने पुढे जे केलं ते मला फार आवडतं आणि आपण तेच उचलावं असं मनापासून वाटतं. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या शाळा बांधणीच्या नव्या योजनेत पालिकेने स्वतः पैसे उभे करून शाळा बांधायची, आणि स्कॉटिश सरकार २५ वर्षं पैसे देणार ते निकालावर. दुसऱ्या टप्प्यापासून ऊर्जेच्या वापराची अट अशी, की मुख्य वापराच्या तासांसाठी चौरस मीटरला वर्षाला ६७ युनिट. तेवढ्यात बसलं नाही तर पैसे कापले जातात. इमारत वापरात आल्यावर मीटर बघून पैसे. हे ठरल्यावर आर्किटेक्टपासून गवंड्यापर्यंत सगळे भिंतीची फट बघायला लागतात. वेल्समध्ये खाजगी पैसा अजून वापरतात, पण त्या कंपनीत सरकार २० टक्क्यांपर्यंत भागीदार होऊ शकतं, कार्डिफचं नवीन वेलिंद्र कॅन्सर सेंटर त्याच पद्धतीने होतंय आणि त्याचं डिझाइन पूर्ण विजेवर चालणारं आहे, गॅसचा बॉयलर नाही.

आपल्याकडे काय येतंय विचारलंत तर केंद्राची व्हायेबिलिटी गॅप फंडिंग (व्हीजीएफ) योजना बघा, प्रकल्प स्वतःच्या कमाईवर उभा राहत नाही तेव्हा कमी पडणाऱ्या पैशातला वाटा सरकार देतं. नोव्हेंबर २०२० मध्ये ती सामाजिक क्षेत्रासाठी वाढवली, आरोग्य, शिक्षण, पाणी, कचरा यातल्या पीपीपी (सरकार-खाजगी भागीदारी) प्रकल्पांना केंद्र ३० टक्के आणि राज्य ३० टक्क्यांपर्यंत देऊ शकतं, आणि आरोग्य-शिक्षणातल्या पथदर्शी प्रकल्पांना तर प्रत्येकी ४० टक्के, शिवाय पहिल्या पाच वर्षांच्या चालवण्याच्या खर्चातला वाटा वेगळा. म्हणजे ८० टक्क्यांपर्यंत भांडवल जनतेचं असू शकतं. एवढं देतोय तर त्यातला काही भाग मीटर बघून द्यायला काय हरकत आहे?

प्रश्न: कोकणात आमचं ट्रस्टचं ५० खाटांचं हॉस्पिटल आहे, नवीन विंग बांधायचीय, साधारण २ कोटी कर्ज काढावं लागेल. बँक म्हणते ग्रीन लोन घ्या. वर तुम्ही म्हणता तो व्हीजीएफ पण मिळेल का? देणगीदार सोलरसाठी तयार आहेत. (विश्वस्त, जि. रत्नागिरी)

काका, व्हीजीएफ तुम्हाला नाही मिळणार. सरकारने टेंडर काढून खाजगी भागीदार निवडला तरच ते लागू होतं, ट्रस्टच्या स्वतःच्या हॉस्पिटलला नाही.

ग्रीन लोन जरूर विचारा, रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ग्रीन ठेवींची चौकट आणली त्यात ग्रीन बिल्डिंगला पण कर्ज देता येतं. पण त्याच्यावर फार जीव टाकू नका. समजा व्याज पाव टक्क्याने कमी झालं तर २ कोटींवर वर्षाला ५० हजार वाचतील, आणि सर्टिफिकेट, कन्सल्टंट यात तेवढे जातील पण. विंग २५०० चौरस मीटरपेक्षा लहान असेल तर गृहा या ग्रीन बिल्डिंग रेटिंग पद्धतीची छोट्या इमारतींसाठी वेगळी रेटिंग आहे, स्वगृह, ती हलकी पडेल.

देणगीदारांना मी वेगळं सुचवेन. सोलरला बाहेरचे पैसे मिळतातच. रेस्को मॉडेलमध्ये कंपनी स्वतःच्या खर्चाने तुमच्या छतावर पॅनेल बसवते, देखभाल तीच करते, तुम्ही फक्त ठरलेल्या दराने युनिटचे पैसे देता. करार करताना दर दरवर्षी किती वाढणार ते आणि छत गळलं तर जबाबदारी कोणाची ते बघा, कोकणातल्या पावसात हा दुसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. जुन्या विंगमधले पंप, दिवे, एसी बदलायला एस्को पद्धत आहे, वीज वाचवून देणारी कंपनी स्वतः पैसे घालते आणि बिलात जे वाचतं त्यातून घेते, केंद्राच्या ईईएसएल कंपनीने शहरांमधले रस्त्यावरचे दिवे एलईडी केले ते साधारण याच विचाराने.

मग देणगी कुठे घालायची, तर जिथे दुसरं कोणी पैसे देत नाही तिथे. पश्चिमेच्या भिंतीवर खोल छज्जे, जांभ्याचं बांधकाम, वॉर्डला दोन्ही बाजूंनी वारा म्हणजे सगळीकडे एसी लागणार नाही, आणि गरम पाण्यासाठी हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारं यंत्र. आणि एक मोठी ठेव. १० लाख बाजूला ठेवले, सात टक्के धरले, तर वर्षाला ७० हजार देखभालीला कायमचे आले. मला माहितीय, ठेवीवर नावाची पाटी लागत नाही म्हणून देणगीदार नाखूश असतात. मग लावा ना पाटी! "या विंगची देखभाल अमुक यांच्या देणगीतून होते" ही पाटी दाराशी लावली तर कोनशिलेपेक्षा जास्त लोक वाचतील.

प्रश्न: मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्युनिसिपल ग्रीन बाँडमधून शाळा, वाचनालयं का बांधत नाहीत? (विद्यार्थिनी, पिंपरी)

ग्रीन बाँड म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी पालिकेने गुंतवणूकदारांकडून घेतलेलं कर्ज, आणि बाँड घेणाऱ्याला व्याज कुठून येणार ते दाखवावं लागतं. गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटी उभे केले ते सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना विकायच्या प्लांटसाठी, इंदूरने २०२३ मध्ये २४४ कोटी सोलर प्रकल्पासाठी, कारण पाणी उपसायच्या विजेचं बिल त्यातून थेट कमी होतं. शाळा कमवत नाही. पण शाळा वाचवू शकते, आणि इथेच तुझ्या पिढीला काम आहे. एकट्या शाळेची बचत बाँडला पुरत नाही, शंभर शाळा, दवाखाने, क्षेत्रीय कार्यालयं एकत्र घेऊन त्यांची बचत एस्क्रो, म्हणजे फक्त कर्जफेडीसाठी राखलेल्या खात्यात वळवली तर कर्जाचा हप्ता निघू शकतो. त्यासाठी आधी प्रत्येक इमारत किती वीज खाते याचा विश्वासार्ह हिशोब हवा. प्रोजेक्टसाठी विषय शोधत असशील तर हाच घे.

प्रश्न: आमच्या वॉर्डात बिल्डरने आरक्षणाच्या जागेवर वाचनालय बांधून पालिकेला दिलं. दारात ग्रीन रेटिंगची पाटी आहे. ती खरी की खोटी सामान्य माणसाने कसं ओळखायचं? (निवृत्त शिक्षक, पुणे)

सर, पाटी बहुतेक खरीच असते, पण ती कशाबद्दल आहे ते बघावं लागतं. पुष्कळदा रेटिंग नकाशा आणि साहित्यावर मिळतं, वापरात आल्यावर इमारत कशी चालते ते वेगळं. रेटिंगची मुदत आणि वर्ष पाटीवर बघा.

पालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज करा. वाचनालयाच्या मीटरची मागच्या चोवीस महिन्यांची युनिटं मागा, रुपये नकोत, दर बदलत राहतात त्यामुळे रुपयांवरून काही कळत नाही. सोबत चटईक्षेत्र चौरस मीटरमध्ये मागा, आणि सोलर असेल तर त्याच्या वेगळ्या मीटरची नोंद. सोलरची पाटी आहे आणि नोंद शून्य आहे असं निघालं तर इन्व्हर्टर बंद पडलाय, तो आधी चालू करून घ्या. वर्षाच्या युनिटांना क्षेत्रफळाने भागा. तो आकडा स्कॉटलंडच्या ६७ शी लावू नका, हवामान वेगळं, वापर वेगळा. तुमच्या भागातल्या पालिकेच्या दुसऱ्या, जुन्या वाचनालयाचा तोच आकडा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. हातात आले की मला पाठवा, पुढच्या अंकात छापू.